जबड्याच्या ऑपरेशनआधी एक वही करा

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी पेशंट हमखास मोबाइल मागतो. वरखालचे दात रबरांनी जोडलेले, बोलणं जवळजवळ बंद, म्हणून हाताने खूण. "कुणाला फोन लावायचाय का?" मी विचारायचे. मान नाही म्हणायची. फोन नको असायचा, कॅमेरा हवा असायचा. स्वतःला बघायचं असायचं. मी मोबाइल घेऊन नातेवाइकाच्या हातात द्यायचे आणि सांगायचे, पाच दिवसांनी द्या.

तिसरा दिवस सुजेचा सगळ्यात वाईट. ऑपरेशननंतर सूज वाढत जाते, दोन-तीन दिवसांत कळसाला पोचते आणि मग उतरायला लागते. गाल कानापर्यंत, ओठ जाड, डोळ्यांखाली निळं. तो चेहरा चार दिवसांचा पाहुणा असतो, पण एकदा बघितला की मनातून निघत नाही.

मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात बावीस वर्षं जबड्याच्या सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता डोंबिवलीत असते. अजूनही कुणाची भाची, कुणाचा शेजारी फोन करतो, "सिस्टर, मुलाचा जबडा पुढे आलाय, तो सरकवायचं ऑपरेशन सांगितलंय, काय करू?" भूल, प्लेटा, खर्च हे डॉक्टर सांगतील. मी डॉक्टर नाही. मी सांगते ते मनाच्या तयारीचं. एक्स-रे बघून डॉक्टर खूश आणि पेशंट मात्र समोर बसून रडतोय, हे मी पाहिलंय. हनुवटी केसभर डावीकडे राहिली तरी पेढे घेऊन आलेलाही पाहिलाय. या दोघांत फरक कुठे पडला हे बघत बघत माझी एक पद्धत बसली. तिला एक शंभर पानी वही लागते. दातांना तारा लावायच्या आधीच ती सुरू करायची, ॲडमिट होताना करून उपयोग नाही.

पहिलं पान: हवंय कुणाला

ओपीडीत खुर्चीवर मुलगी असायची आणि उत्तरं आई द्यायची. "हिचा खालचा जबडा पुढे आलाय, स्थळं परत जातात." मुलगी फरशीकडे बघत बसलेली. तपासणी झाली की मी आईला केसपेपरवर शिक्का मारून आणायला पिटाळायचे. शिक्क्याची रांग लांब, वीसेक मिनिटं सहज मिळायची. मग विचारायचे, "बाई, तुला काय हवंय?" काही मुली धडाधड बोलायच्या, शाळेत काय चिडवायचे इथपासून. काही नुसते खांदे उडवायच्या. मला काळजी वाटायची ती खांदे उडवणाऱ्यांची.

हे माझं एकटीचं शहाणपण नव्हे. एजर्टन आणि नॉर या अमेरिकन डॉक्टरांनी १९७१ मध्ये चेहरा बदलायला येणाऱ्यांचे दोन गट सांगितले होते. एका गटाला आतूनच वाटत असतं की हे खुपतंय, बदलायचंय. दुसऱ्याला कुणाला तरी खूश करायचं असतं, कुणाला तरी परत मिळवायचं असतं, नोकरी नाहीतर लग्न जमवायचं असतं. दुसऱ्या गटाचं समाधान जबड्यावर अवलंबून नसतं, त्या तिसऱ्या माणसावर असतं. आणि तो माणूस काही ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेला नसतो.

म्हणून पहिल्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे अशाच गोष्टी लिहा ज्या सहा महिन्यांनी तपासता येतील. पेरू पुढच्या दातांनी तोडता यावा. झोपेत ओठ मिटावेत. हसताना हिरडी एवढी दिसू नये. फोटो बाजूने काढला तरी पुसून टाकावासा वाटू नये. उजवीकडे बाकीचं सगळं: लग्न, मान, कॉलेजातला तो मुलगा, सासूचं बोलणं. उजवीकडचं लिहायला लाजू नका, माणसाला असं वाटणारच. फक्त ती रेघ लक्षात ठेवा. सर्जनची करवत तिच्या डावीकडेच चालते.

डाव्या बाजूला काय लिहावं हे सुचत नसेल तर एक सांगते. लंडनच्या सुझन कनिंगहॅम यांनी सहकाऱ्यांबरोबर २००० साली अशा पेशंटसाठी बावीस प्रश्नांची यादी तयार केली. आमच्याकडे पीजी, म्हणजे पुढचं शिक्षण, करणाऱ्या एका डॉक्टर मुलीने थिसिससाठी ती वापरली, आणि प्रश्न सोप्या मराठीत समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. घास तोडताना त्रास होतो का, स्वतःचा चेहरा बाजूने बघायला आवडत नाही का, फोटो काढून घेणं टाळता का, नव्या माणसाला भेटताना तोंडावर हात जातो का, असे साधे प्रश्न. तोंडावर हाताचा प्रश्न आला की निम्म्या पेशंटचा हात खरोखर तोंडापाशी असायचा. मग तेही हसायचे, मीही.

इथे एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. "दिसण्यासाठी करायचंय" म्हणायची आपल्याला लाज वाटते. मग डॉक्टरांना सांगतात, "चावता येत नाही." डॉक्टर चावण्याच्या हिशोबाने आखणी करतात, दात बरोबर बसतात, आणि पेशंट घरी जाऊन नाकाकडे बघत बसतो. वरचा जबडा नाकाच्या खालून आडवा सुटा करून सरकवतात. त्या कापाला ल फोर्ट वन म्हणतात, चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषेत मोडतात हे १९०१ साली दाखवणाऱ्या रेने ल फोर्ट या फ्रेंच डॉक्टरच्या नावावरून. जबडा पुढे किंवा वर सरकला की नाकपुड्या थोड्या रुंदावू शकतात, नाकाचा शेंडा किंचित उचलला जाऊ शकतो. सर्जनला हे माहीत असतं, ते त्याची काळजीही घेतात. पण नाक तुम्हाला किती महत्त्वाचं आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार? दिसण्याची इच्छा असेल तर ती पहिल्या भेटीतच, तोंडाने, स्पष्ट बोला. त्यात काही वावगं नाही.

तारांचं वर्ष

वाढ पूर्ण झाली की आधी तारा लागतात, बहुतेकदा वर्ष-दीड वर्ष, आणि मग ऑपरेशन. या काळात पेशंट सगळ्यात जास्त खचतात, पण त्यांना ते आधी कुणी सांगितलेलं नसतं. होतं असं की जबडा पुढे आला की खालचे दात आपोआप आत झुकून ती चूक झाकायला बघतात. तारा ते दात सरळ उभे करतात, म्हणजे झाकण निघतं. जबडा आणखी पुढे आल्यासारखा दिसतो, वरखालचे दात एकमेकांवर आधीपेक्षा वाईट बसतात. गल्लीतली काकू म्हणते, "अगं, एवढे पैसे घालून उलटंच झालं की."

काकूला सांगायचं वाक्य आत्ताच वहीत लिहून ठेवा: "हे असंच व्हायचं असतं." काही ठिकाणी आधी ऑपरेशन आणि मग तारा, असाही क्रम असतो. तुमचं कुठल्या क्रमाने होणार ते विचारा, नाहीतर शेजारच्या पेशंटशी तुलना करून रात्रभर जागाल.

डॉक्टरांना विचारायचं पान

ओपीडीच्या दारातून आत गेलं की माणसाचे निम्मे प्रश्न विरून जातात. म्हणून लिहून न्या. त्यात हा एक असलाच पाहिजे: "माझा ओठ बधिर राहिला तर?"

खालचा जबडा दोन्ही बाजूंना उभा चिरून, पानाचे दोन पदर सुटे करावेत तसा सरकवतात. ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये मांडलेली ही पद्धत, पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. पण खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना आणणारी नस त्याच हाडाच्या पोटातून जाते. तिला ताण बसतो. त्यामुळे सुरुवातीला ओठ-हनुवटी बधिर होणं नेहमीचंच. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारत जातं, काहींना थोडा बधिरपणा कायमचा राहतो. दाढेला इंजेक्शन दिल्यावर ओठ परका वाटतो ना, तसं.

ज्याला हे आधी नीट सांगितलेलं असतं तो म्हणतो, "हो, डॉक्टर म्हणाले होते." ज्याला सांगितलेलं नसतं, किंवा सांगितलं तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता, तो म्हणतो, "माझं काहीतरी बिघडवलं." ओठ दोघांचा सारखाच बधिर. म्हणून माझा आग्रह असा की उत्तर वहीत तुमच्या अक्षरात लिहा आणि तारीख टाका. फॉर्मवरच्या सहीने हे काम होत नाही. सही करताना कुणी वाचत नाही, मी बावीस वर्षं बघितलंय.

कॉम्प्युटरवर ऑपरेशननंतरचा अंदाजे चेहरा दाखवतात. बघा, पण त्याचा फोटो काढून घरी नेऊ नका. हाडाचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो, ओठांचा तितका येत नाही. एका मुलाने तो फोटो वॉलपेपर केला होता. चेहरा छान झाला त्याचा, पण वॉलपेपरसारखा झाला नाही, एवढंच त्याला दिसत राहिलं.

लपवू नका असं एक पान

आधी कधी डिप्रेशनचा, भीतीचा त्रास झाला असेल, गोळ्या चालू असतील, तर सर्जनला आणि भूलतज्ज्ञांना सांगा. "ऑपरेशन रद्द करतील" या धाकाने लोक लपवतात, काही तर मनाने गोळ्या बंद करून येतात. तसं करू नका. सांगितलं तर तयारी करता येते.

आणि जरा अवघड गोष्ट. एक तरुण स्वतःचे चाळीसेक सेल्फी घेऊन आला होता, प्रत्येकावर लाल रेघोट्या मारलेल्या. जबड्यात मिलिमीटरचा फरक असेल-नसेल. दिवसातले तीन-चार तास आरशापुढे, कॉलेज सुटलेलं, आधी एका ठिकाणी नाकाचं काम करून झालेलं आणि त्यावरही नाराज. आमच्या मॅडमनी त्याला मनोविकार विभागात पाठवलं. संतापून गेला. पण मॅडमचं बरोबर होतं. इतरांना दिसतही नाही अशा व्यंगाने माणूस पोखरून निघतो, असा एक खराखुरा आजार आहे. एन्रिको मोर्सेल्ली या इटालियन डॉक्टरांनी १८९१ मध्येच त्याला नाव दिलं होतं. त्यावर उपचार आहेत, पण ते समुपदेशनाचे आणि औषधाचे. करवतीने तो बहुधा बरा होत नाही, खुपणारी जागा फक्त बदलते. स्वतःचं थोडं असं वाटत असेल तर आधी तिकडे जा.

सेल्फीचं निघालंच आहे तर एक पक्की गोष्ट. फूटभर अंतरावरून, म्हणजे साधारण बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा तीसेक टक्के रुंद भासतं, असा हिशोब अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये मांडला. वहीत लावायचे फोटो दुसऱ्याकडून, पाच-सहा फुटांवरून, खिडकीच्या उजेडात काढून घ्या. समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि हसताना.

पहिले पंधरा दिवस

हे दिवस मनापेक्षा पोटाचे असतात. द्रव पदार्थांवर राहायचं असतं. पेज, ताक, गाळलेली आमटी, दूध, नाचणीचं पातळ सत्त्व, सगळं सिरिंजला नळी लावून गालाच्या कडेने. स्ट्रॉ वापरायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, मनाने नको. वजन चार-पाच किलो सहज उतरतं. चौथ्या-पाचव्या दिवशी घरातून फोडणीचा वास आला की मोठे बाप्येही रडताना पाहिलेत. रडायला कारण लागत नाही. भूक, अपुरी झोप, भुलीचा थकवा, तोंड बंद, चेहरा परका, एवढं सगळं एकदम. "आपण उगाच केलं" हा विचार या दिवसांत बहुतेकांना येतो. तो विचार वहीत लिहा, समोर "सहावा दिवस" असं लिहा आणि झोपा.

नातेवाइकांसाठीही नियम आहेत, ते मी भिंतीवर चिकटवायला सांगायचे. एकाच माणसाने सोबत राहायचं. भेटायला येणाऱ्यांची रीघ नको. पेशंटला पाटी किंवा वही-पेन द्यायचं आणि तो लिहीपर्यंत थांबायचं, त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. आणि "आधीच बरी होतीस" हे वाक्य त्या घरात वर्षभर कुणीही उच्चारायचं नाही. एका आजीने ते प्रेमानेच म्हटलं होतं. नात दोन दिवस तोंडावर ओढणी घेऊन पडून होती.

दोन आठवडे उलटले तरी उदासी रोज तशीच, झोप नाही, कशातच मन नाही, तर मात्र "होईल ठीक" म्हणत बसू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर बोला. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात.

आरशातली बाई कोण

सूज उतरते, डॉक्टर खूश, फोटो छान, आणि तरी पेशंटला चैन नाही. याच्याबद्दल मला स्वतःला फार उशिरा कळलं.

सातारा बाजूची एक मुलगी होती, ओळख पटू नये म्हणून गाव बदललंय. लांब हनुवटी, दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन, निकाल इतका सुरेख की पीजीची मुलं तिचे फोटो दाखवायची. तीन महिन्यांनी तपासणीला आली आणि माझ्या टेबलाशी बसून रडायला लागली. विचारलं, दुखतंय का? नाही. कुणी काही बोललं? नाही. बराच वेळाने म्हणाली, "सिस्टर, मी आता पप्पांसारखी दिसत नाही." वडील आदल्या वर्षी गेले होते. ती लांब हनुवटी त्यांची होती. आयुष्यभर जिचा राग केला, ती गेल्यावर कळलं की तेवढीच त्यांची खूण अंगावर होती. तिला कुणी फसवलं नव्हतं, कुणाची चूक नव्हती. पण आमच्यातल्या कुणीही तिला एक साधा प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हापासून वहीत मी एक पान वाढवलं: "हा चेहरा तुमच्या घरात कुणाचा?" आजीचा, मामाचा, आईचा, ज्याचा असेल त्याचा जुना फोटो तिथे लावा. कोणती खूण गेली तर चालेल, कोणती गेली तर रुखरुख लागेल, हे आधी स्वतःशी बोला. उत्तर काहीही येवो, ऑपरेशन थांबवायची गरज सहसा पडत नाही. पण निरोप घेऊन जाणं वेगळं आणि परत येऊन दार बंद दिसणं वेगळं.

परकेपणाचं एक साधं कारणही आहे. आपण स्वतःला आरशात, म्हणजे उलटं बघतो. १९७७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्यात बायकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला, आणि त्यांच्या मैत्रिणींना सुलटा, कारण ज्याला जो बघायची सवय त्याला तोच आवडतो. तुमची तर वीस-पंचवीस वर्षांची सवय एका दिवसात मोडलेली असते. नवी सवय लागायला महिने जातात. रोज सकाळी दात घासताना आरशात बघा, तेवढं पुरे. दिवसभर बघत बसलात तर सवय लागत नाही, तपासणी सुरू होते.

आणि नवव्या महिन्याच्या आसपास पुन्हा एकदा उतार लागला तर घाबरू नका. सिॲटलच्या असुमान कियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात पेशंटची दोन वर्षं नोंद ठेवली, तेव्हा नऊ महिन्यांच्या सुमारास लोकांचं समाधान थोडं घसरलेलं दिसलं. तोवर कौतुक संपलेलं असतं, बऱ्याच जणांच्या तारा अजून तोंडात असतात, आणि "कधी संपणार" एवढंच उरतं.

पहिलं पान पुन्हा उघडा

सहा महिने झाल्याशिवाय पहिलं पान उघडायचं नाही. बारीक सूज, विशेषतः ओठ-हनुवटीची, उतरायला कधी वर्षही लागतं, म्हणून काही ओळींना तेव्हाही "अजून बघू" लिहा. डावीकडची एकेक ओळ वाचा आणि बरोबरची खूण करा. एखादं खटकलंच तर सर्जनकडे तीच ओळ घेऊन जा. "छान नाही झालं" म्हटलं की डॉक्टरही गोंधळतात, "उजवीकडे दातावर दात टेकत नाही" म्हटलं की लगेच आरसा आणि कागद हातात घेतात.

माझी एक जुनी पेशंट दिवाळीत फराळ घेऊन आली, सोबत वही. डाव्या बाजूच्या सात ओळी, सातांनाही खूण. उजव्या बाजूला एकच ओळ होती: "मामाने माझ्या तोंडावरून बोलणं बंद करावं." तिच्यापुढे काहीच नव्हतं. मी विचारलं, मामाचं काय? चकलीचा तुकडा पुढच्या दातांनी मोडत म्हणाली, "अजून बोलतो की. आता म्हणतो, गाल बसलेत तुझे, खात जा."